बेळगाव सीमाभागातील उद्योग, मालक आणि व्यवसायाचा विश्वास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी आणि अथणी या पट्ट्यात पाच माणसांपासून दोनशे माणसांपर्यंत कामगार ठेवणाऱ्या मालकांना जे प्रश्न पुन्हापुन्हा पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. करांचे आणि कायद्यांचे दर बदलत असतात, म्हणून प्रत्यक्ष निर्णय घेण्यापूर्वी आपल्या कर सल्लागाराकडून चालू नियम तपासून घ्यावेत.

‘व्यवसायाचा विश्वास’ म्हणजे नेमके काय आणि तो मोजतात कसा?

येत्या काही महिन्यांत ऑर्डर, उत्पादन, नोकरभरती आणि नफा वाढेल की घटेल, याविषयी उद्योजकांची जी अपेक्षा असते, तिलाच व्यवसायाचा विश्वास म्हणतात. रिझर्व्ह बँक दर तिमाहीला कारखानदारी क्षेत्रातील कंपन्यांची पाहणी करते. स्थिती सुधारेल असे म्हणणाऱ्यांच्या टक्केवारीतून ती बिघडेल असे म्हणणाऱ्यांची टक्केवारी वजा केली, की निव्वळ प्रतिसाद मिळतो. अशा अनेक प्रतिसादांचा मिळून जो निर्देशांक तयार होतो, त्यात १०० हा मध्यबिंदू असतो: त्यावरचा आकडा सुधारणेची, खालचा घसरणीची अपेक्षा दाखवतो. कंपन्यांच्या खरेदी व्यवस्थापकांना विचारून दर महिन्याला प्रसिद्ध होणाऱ्या पीएमआय निर्देशांकात हा मध्यबिंदू ५० असतो. पीएमआय मागच्या महिन्याच्या तुलनेतला बदल दाखवतो, हे ध्यानात ठेवावे. फार वाईट गेलेल्या महिन्यानंतरचा थोडासा बरा महिनासुद्धा ५० च्या वर जाऊ शकतो, आणि तेवढ्यावरून धंदा तेजीत आला असे मानता येत नाही.

देशाचा निर्देशांक वर जात असताना आमच्याकडे मंदी का जाणवते?

याचे पहिले कारण म्हणजे या पाहण्या जिल्ह्याच्या पातळीवर होत नाहीत, आणि त्यांच्या नमुन्यात मच्छे किंवा होनगा या बेळगावजवळच्या औद्योगिक वसाहतींतील लहान युनिटचा आवाज जवळपास नसतोच. दुसरे कारण आपल्या उत्पादनाच्या स्वरूपात आहे. बेळगावात तयार होणारे कास्टिंग (धातूचे ओतीव भाग), क्रँकशाफ्ट, हायड्रॉलिक पंप आणि व्हाल्व्ह दुकानात विकले जात नाहीत, ते दुसऱ्या कारखान्याच्या यंत्रात बसतात. पुण्यातील किंवा चेन्नईतील मोठ्या कंपनीने वेळापत्रक कमी केले, की देशाचा निर्देशांक घसरण्याआधीच आपल्याकडे एक शिफ्ट बंद होते. तिची मागणी वाढते तेव्हा मात्र आधी तिचे गोदाम रिकामे होते आणि मगच आपल्याकडे ऑर्डर येते.

तिसरे कारण आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. या भागातील मालक ‘काम आहे का’ या प्रश्नाने जितका चिंतेत असतो, त्याहून अधिक ‘केलेल्या कामाचे पैसे कधी येणार’ या प्रश्नाने असतो. फौंड्रीचे (ओतकामाच्या कारखान्याचे) बिल, उसाचे बिल, साडीची मजुरी आणि तंबाखूची उचल या सगळ्यांत मालाची ने-आण आधी होते आणि पैसा मागून येतो. तो किती मागून येतो, यावर येथील धैर्य वाढते किंवा खचते. राष्ट्रीय पाहणीत या गोष्टीला जेमतेम एका प्रश्नाची जागा असते.

मग आपल्या भागाची नाडी कशी ओळखावी?

जिल्ह्याचा निर्देशांक उपलब्ध नसला, तरी डोळ्यांसमोर घडणाऱ्या गोष्टी बरेच काही सांगतात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत दुसरी शिफ्ट चालू आहे का, फेटलिंगच्या (ओतीव भाग घासून साफ करण्याच्या) ठेकेदाराने माणसे वाढवली की गावी पाठवली, पिग आयर्नचा (ओतकामाच्या कच्च्या लोखंडाचा) व्यापारी उधारीवर माल देतो की रोखीचा आग्रह धरतो, जॉबवर्क (दुसऱ्याच्या मालावर मजुरीने काम) करणाऱ्या, संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनला किती दिवसांची रांग आहे, या गोष्टी विचारून पाहाव्यात. कच्च्या मालाचा व्यापारी रोखीवर आला, की बाजारात पैसा अडकला आहे असे खुशाल समजावे, कारण कोणाचे देणे थकले आहे हे त्याला सर्वांच्या आधी कळते.

चिक्कोडी, रायबाग आणि गोकाक भागात कारखान्याने उसाचे पहिले बिल कोणत्या तारखेपर्यंतच्या गाळपाचे जमा केले, हे पाहिले की दुचाकीच्या शोरूमपासून किराणा दुकानापर्यंतचा पुढील दोन महिन्यांचा अंदाज बांधता येतो. शहापूर, वडगाव आणि खासबाग या बेळगावच्या विणकर वस्त्यांत आठवड्यातून किती दिवस माग चालतात, हीच खूण पुरेशी आहे. आपल्या युनिटपुरती चार आकड्यांची नोंद दर महिन्याला ठेवावी: हातातील ऑर्डर किती आठवड्यांची आहे, येणी सरासरी किती दिवसांची आहेत, विजेचे किती युनिट जळले आणि किती कामगारांनी आगाऊ रक्कम मागितली. दोन वर्षांची अशी वही कोणत्याही प्रसिद्ध निर्देशांकापेक्षा तुमच्या उपयोगाची ठरेल.

बेळगावच्या फौंड्री उद्योगासमोर आज नेमके कोणते प्रश्न आहेत?

हा उद्योग येथे रुजण्यामागे भूगोलाचा मोठा हात आहे. पिग आयर्न कोप्पळ-होस्पेट भागातून आणि गोव्यातून येते, सिलिका वाळू सिंधुदुर्गातील कासार्डे परिसरातून येते, आणि तयार कास्टिंग पुणे-बेंगळूर महामार्गाने दोन्ही बाजूंना जाते. या सोयीवर ओतकाम, मशीनिंग आणि पुढे हायड्रॉलिक्स अशी एकावर एक कौशल्ये उभी राहिली. पॉलिहायड्रॉनसारखी कंपनी १९८० च्या दशकाच्या आरंभी येथेच उभी राहिली आणि तिच्याभोवती लहान पुरवठादारांची एक पिढी तयार झाली.

आजची अडचण अशी, की कच्च्या मालाचा भाव महिन्याला बदलतो आणि ग्राहकाकडून मिळणारा दर मात्र तिमाहीनंतर, कधी त्याहूनही उशिरा सुधारतो. मधल्या काळातील फरक फौंड्रीवाल्याच्या खिशातून जातो. दर किलोला दोन-तीन रुपयांच्या नफ्यावर चालणाऱ्या युनिटला एका तिमाहीचा असा फरक वर्षाची कमाई पुसून टाकायला पुरतो. म्हणून नवा करार करताना दराइतकेच लक्ष भाववाढीच्या कलमाकडे द्यावे, असा आमचा आग्रह आहे.

मागणीच्या बाजूला २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेले वस्तू व सेवा कराचे नवे दर महत्त्वाचे आहेत. ट्रॅक्टरवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणि लहान मोटारींवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ज्यांचे कास्टिंग ट्रॅक्टरला जाते, त्यांच्यासाठी ही स्वागतार्ह गोष्ट आहे. निर्यातीचे चित्र याच्या उलट झाले. अमेरिकेने २०२५ मध्ये वाहनांचे सुटे भाग, पोलाद आणि ॲल्युमिनियम यांवर स्वतंत्र आयातशुल्क लावले आणि ऑगस्टअखेरीस भारतीय मालावरील एकूण शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले. थेट निर्यात करणारी युनिटे येथे थोडी आहेत, परंतु निर्यातदाराला माल देणारी अनेक आहेत, आणि आपला माल शेवटी कोणत्या देशात जातो हे त्यांतील पुष्कळांनी तेव्हा प्रथमच ग्राहकाला विचारले. हा प्रश्न दरवर्षी विचारला गेला पाहिजे.

विजेच्या बिलाबाबत काय करता येईल?

विजेवर धातू वितळवणारी इंडक्शन भट्टी चालवणाऱ्याला कच्च्या मालाखालोखाल मोठा खर्च विजेचा असतो. हेस्कॉम या वीज वितरण कंपनीच्या बिलात प्रत्यक्ष वापराच्या युनिटखेरीज मंजूर भारावरील स्थिर आकार असतो, आणि काम कमी असले तरी तो भरावाच लागतो. त्यात एप्रिल २०२५ पासून वीज कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनापोटी प्रतियुनिट ३६ पैशांचा अधिभार जोडला गेला. दीर्घकाळ काम कमी असणार असेल, तर मंजूर भार कमी करून घेण्याचा विचार करावा. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) सांभाळावा आणि दिवसाच्या कोणत्या वेळी कोणता दर लागतो ते पाहून भट्टीची वेळ ठरवावी. छतावरील सौर पॅनेल मशीन शॉपला चांगले परवडतात, भट्टीला मात्र त्यांचा हातभार मर्यादितच राहतो.

शिनोळी किंवा हलकर्णीला युनिट हलवावे का?

वेंगुर्ला रस्त्याने निघाले की काही किलोमीटरवर सीमा ओलांडून महाराष्ट्राच्या चंदगड तालुक्यातील शिनोळी लागते; हलकर्णीही त्याच तालुक्यात आहे. बेळगावात राहून शिनोळीत कारखाना चालवणारे अनेक उद्योजक आहेत. निपाणीकरांसाठी कागल आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींचे असेच आकर्षण आहे. बेळगाव शहराजवळ नव्या औद्योगिक भूखंडांची चणचण आहे आणि उद्यमबाग तर चारही बाजूंनी वस्तीने वेढली गेली आहे, त्यामुळे हा प्रश्न पुन्हापुन्हा निघतो.

याचे उत्तर देताना आम्ही तीन हिशेब मांडायला सांगतो. पहिला हिशेब विजेचा. महावितरण आणि हेस्कॉम यांच्या दरांची तुलना ऐकीव माहितीवर करू नये. आपल्या मागील बारा बिलांचा वापर दुसऱ्या राज्याच्या दरपत्रकात घालून पाहावा, कारण स्थिर आकार, वेळेनुसार दर आणि सवलती यांमुळे एकाला स्वस्त पडणारे दुसऱ्याला महाग पडू शकते. दुसरा हिशेब अनुदानाचा. महाराष्ट्रात मागास तालुक्यांना औद्योगिक प्रोत्साहनाच्या योजना आहेत, पण अनुदानाची रक्कम मंजूर होणे आणि हातात पडणे यांत बरेच अंतर असते. जे युनिट अनुदान न मिळताही तगेल, त्यानेच त्या भरवशावर जावे. तिसरा हिशेब आजूबाजूच्या हातांचा. पॅटर्न बनवणारा, हीट ट्रीटमेंट करणारा, रात्री अकराला मोटर दुरुस्त करून देणारा असे सगळे बेळगावात आहेत. पंधरा-वीस किलोमीटरचे अंतर मोठे नाही, परंतु प्रत्येक फेरीला वेळ आणि कागद लागतात.

कागद म्हणजे काय, तेही सांगितले पाहिजे. एकाच मालकाची दोन राज्यांतील युनिटे करासाठी दोन स्वतंत्र नोंदण्या धरली जातात. शिनोळीहून उद्यमबागेला मशीनिंगसाठी माल पाठवणे हा आंतरराज्य व्यवहार होतो. त्यासाठी जॉबवर्कचे चलन लागते, आणि आंतरराज्य जॉबवर्कला मालाची किंमत ५०,००० रुपयांहून कमी असली तरी ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद) काढावे लागते. जुलै २०१७ नंतर सीमेवरील विक्रीकराचे नाके गेले ही मोठी सुटका झाली, परंतु कागदांची शिस्त त्यामुळे वाढली.

चंदगड किंवा कागल तालुक्यातून रोज कामाला येणाऱ्या कामगाराला कोणत्या राज्याचे नियम लागतात?

काम जेथे होते तेथील नियम लागतात, कामगाराच्या गावाचे नाहीत. चंदगड तालुक्यातील तुडयेहून मच्छेला येणाऱ्या कामगाराचे किमान वेतन कर्नाटकच्या अधिसूचनेप्रमाणे ठरते, आणि बेळगावहून शिनोळीला जाणाऱ्याचे महाराष्ट्राच्या. महागाई भत्त्यातील बदल कर्नाटकात दर एप्रिलमध्ये होतो, महाराष्ट्रात जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा होतो. व्यवसाय करही नोकरीच्या राज्यात कापला जातो. कर्नाटकात २५,००० रुपयांखालील वेतनाला तो लागत नाही, तर महाराष्ट्रात पुरुष कामगाराला १०,००० रुपयांच्या वर महिन्याला साधारण २०० रुपये पडतात आणि २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना सूट आहे. भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा केंद्राचे असल्याने तेथे सीमेचा प्रश्न येत नाही.

प्रवासाचा प्रश्न मात्र येतो आणि तो स्त्री कामगारांना अधिक जाणवतो. जून २०२३ पासून सुरू झालेल्या शक्ती योजनेचा मोफत बसप्रवास कर्नाटकातील रहिवासी स्त्रियांना राज्यांतर्गत बसमध्ये मिळतो. महाराष्ट्राच्या एसटीत स्त्रियांना निम्मे भाडे आहे. सीमेपलीकडून येणाऱ्या बाईला एका बाजूची सवलत मिळते आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण भाडे पडते. वीस-पंचवीस स्त्रिया एकाच दिशेने येत असतील तर मालकाने टेम्पो ट्रॅव्हलरची सोय करणे, हा गैरहजेरी कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

कुशल कामगार का मिळत नाहीत?

शिक्षणसंस्थांची बेळगावात उणीव नाही. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून येथेच आहे, १९१६ मध्ये स्थापन झालेल्या केएलई संस्थेचा पसारा सर्वांना ठाऊक आहे, आणि तालुक्यातालुक्यांत आयटीआय आहेत. तरीही मोल्डिंग आणि फेटलिंगला बिहार, उत्तर प्रदेश आणि ओडिशातून माणसे आणावी लागतात, आणि खानापूरचा मुलगा गोव्यातील औषध कारखान्यात किंवा पुण्यात चाकणला जातो.

‘मुलांना कष्ट नको असतात’ हे मालकांच्या बैठकीत हमखास ऐकू येणारे उत्तर आम्हाला पटत नाही. तोच मुलगा चाकणला बारा तास उभा राहतो. तेथे त्याला वेतनाची चिठ्ठी, भविष्य निर्वाह निधी, कॅन्टीन आणि पुढे चढण्याची वाट दिसते. उद्यमबागेतील लहान युनिटमध्ये तोच मुलगा पाच वर्षांनीही ‘हेल्पर’च राहतो, आणि त्याचा पगार मालकाचे बिल कधी पास होते यावर पुढे-मागे होतो. पुन्हा तोच उशिरा येणारा पैसा! पगाराची तारीख पाळणारी युनिटे दर थोडा कमी देऊनही माणसे टिकवून आहेत, हे याच वसाहतींत पाहायला मिळते. हत्तरगी येथील विमानाच्या सुट्या भागांच्या विशेष आर्थिक क्षेत्रात स्थानिक तरुण मोठ्या संख्येने टिकले, ही गोष्टही या संदर्भात विचार करण्यासारखी आहे.

नव्या कामगार संहितांमुळे काय बदलते?

चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे, महिन्याचे वेतन पुढील महिन्याच्या ७ तारखेच्या आत देणे आणि नोकरी सोडणाऱ्याचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करणे बंधनकारक आहे. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले तर वरची रक्कम वेतनात धरली जाते, म्हणजे मूळ वेतन कमी दाखवून निधी आणि ग्रॅच्युइटीचा भार हलका ठेवण्याची जुनी रीत चालणार नाही. ठरावीक मुदतीच्या कामगाराला एक वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळते. सविस्तर नियम प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे करते, त्यामुळे दोन्ही बाजूंना युनिट असलेल्यांनी दोन्ही राज्यांची नियमावली ठेवावी.

कन्नड फलक आणि स्थानिकांना नोकऱ्या यांविषयीची सद्यःस्थिती काय आहे?

२०२४ च्या सुधारित कायद्याप्रमाणे कर्नाटकातील दुकाने व आस्थापनांच्या नामफलकावर ६० टक्के भाग कन्नडमध्ये आणि वरच्या बाजूस असणे आवश्यक आहे. उरलेल्या जागेत मराठी लिहिण्यास हरकत नाही. नवा फलक करताना हे प्रमाण रंगाऱ्याला लेखी द्यावे.

जुलै २०२४ मध्ये खासगी उद्योगांत व्यवस्थापकीय पदांपैकी ५० टक्के आणि इतर पदांपैकी ७० टक्के स्थानिकांना देण्याचे विधेयक राज्य मंत्रिमंडळाने संमत केले आणि उद्योगांच्या विरोधानंतर ते स्थगित ठेवले. त्यात स्थानिक ठरण्यासाठी कन्नड येण्याची अट होती. येथे जन्मलेल्या, मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाच्या मनात त्यामुळे जी धास्ती निर्माण झाली ती खरी आहे आणि तिची दखल घेतली गेली पाहिजे. त्याच वेळी हेही म्हणावे लागते, की हेस्कॉम, कामगार कार्यालय आणि बँक येथील व्यवहारासाठी कन्नड लिहिता-वाचता येणारा मराठी तरुण प्रत्येक युनिटला हवाच असतो. अशा मुलामुलींना सायंकाळच्या कन्नड वर्गाची फी देणाऱ्या मालकाचा त्यात फायदाच होतो.

उसाच्या हंगामाचा इतर मालकांशी काय संबंध आहे?

फार जवळचा संबंध आहे. बेळगाव हा कर्नाटकातील ऊस आणि साखरेचा आघाडीचा जिल्हा आहे. उगारचा कारखाना स्वातंत्र्यापूर्वीचा आहे, आणि संकेश्वर, चिक्कोडी, निपाणी येथील सहकारी कारखान्यांभोवती संपूर्ण बाजारपेठा उभ्या आहेत. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी (उसाचा रास्त व किफायतशीर दर) ठरवली आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढ दिली. म्हणजे ११.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,८९६ रुपये होतात, आणि तोडणी-वाहतूक वजा जाता उरेल ते शेतकऱ्याचे. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुडलगी तालुक्यातील गुर्लापूर येथे टनाला ३,५०० रुपयांच्या मागणीसाठी मोठे आंदोलन झाले आणि राज्य सरकारच्या मध्यस्थीने ३,३०० रुपयांवर तोडगा निघाला.

ऊस नियंत्रण आदेश १९६६ नुसार ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याज द्यायचे असते. प्रत्यक्षात अनेक हंगामांत ही मुदत पाळली गेलेली नाही. बिल थकले की सिमेंटचा दुकानदार, ट्रॅक्टरचा मेकॅनिक, लग्नाचा मंडपवाला आणि शाळेच्या फीवर चालणारी संस्था या सर्वांची येणी एकाच वेळी थकतात. म्हणून ऊस पट्ट्यातील दुकानदाराने माल भरण्याचे वेळापत्रक सणांइतकेच कारखान्याच्या बिलाच्या तारखांशी जुळवावे.

शहापूर-वडगावच्या यंत्रमागांचे भवितव्य काय?

यावर सोपे उत्तर देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. येथील बहुतेक विणकर घरातच दोन-चार माग चालवतात, सूत शेठकडून घेतात आणि साडीमागे मजुरी मिळवतात. २०२० च्या टाळेबंदीत लग्नसराई बुडाली आणि अनेक घरांनी माग भंगारात विकले. सुरतेची स्वस्त साडी ही कायमची स्पर्धक आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये कृत्रिम सुतावरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्याने सूत विकत घेऊन स्वतः साडी विकणाऱ्याचे अडकून पडणारे भांडवल कमी झाले. मजुरीवर विणणाऱ्याला मात्र हा लाभ शेठने दर वाढवला तरच पोहोचतो. राज्याची वीज सवलत टिकणे या घरांसाठी जीवनमरणाचा प्रश्न आहे.

निपाणीचा तंबाखू आणि अथणीची चप्पल यांची स्थिती कशी आहे?

निपाणीच्या वखारी आणि विडी कामगार स्त्रियांचा धंदा आक्रसत चालला आहे, आणि त्या स्त्रियांना पर्यायी काम देणारे उद्योग तेथे पुरेसे आलेले नाहीत. १९८१ चे तंबाखू आंदोलन दरासाठी होते. आजची चिंता कामच उरेल का अशी आहे. अथणी-निपाणीच्या चप्पल कारागिरांना थोडी आशा आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर या चार जिल्ह्यांनाही लागू आहे. ‘प्राडा’ या इटालियन कंपनीने श्रेय न देता कोल्हापुरीसारखी चप्पल सादर केल्याच्या २०२५ च्या वादानंतर मागणी वाढली, आणि २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर आता ५ टक्केच कर आहे. केंद्राच्या कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेत चर्मकार आणि कुंभार दोघेही येतात, त्यामुळे खानापूरच्या कुंभारांनीही ५ टक्के व्याजाच्या कर्जाची चौकशी करावी.

सीमाप्रश्नाचा गुंतवणुकीवर परिणाम होतो का?

१९५६ पासूनचा हा प्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि तो येथील लोकांच्या भाषेचा व सन्मानाचा आहे. त्याला निव्वळ व्यापाराची अडचण म्हणणे योग्य नाही. तणावाचा भुर्दंड मात्र दोन्ही भाषांच्या मालकांना आणि कामगारांना सारखाच पडतो. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडी नाक्याजवळ ट्रकवर दगडफेक झाली, फेब्रुवारी २०२५ मध्ये बसवाहकाला झालेल्या मारहाणीनंतर दोन्ही राज्यांची बससेवा काही दिवस विस्कळीत झाली, आणि दोन्ही वेळा कामगार पोहोचले नाहीत व माल अडकला. याहून मोठी वाहतुकीची हानी पुराने केली आहे: २०१९ आणि २०२१ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले होते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कच्च्या मालाचा साठा थोडा अधिक ठेवणे यासाठीच शहाणपणाचे असते.

व्याजदर कमी झाले, तर आमचा हप्ता का कमी होत नाही?

रिझर्व्ह बँकेने रेपो दर (बँकांना ती ज्या दराने कर्ज देते तो दर) फेब्रुवारी २०२५ पासून टप्प्याटप्प्याने ६.५० वरून डिसेंबरपर्यंत ५.२५ टक्क्यांवर आणला. सूक्ष्म व लघू उद्योगांची १ ऑक्टोबर २०१९ नंतरची बदलत्या दराची बँक कर्जे रेपोसारख्या बाह्य दराशी जोडलेली असतात आणि त्यांचा दर किमान तीन महिन्यांतून एकदा बदलला पाहिजे. जुने कर्ज असेल, किंवा ते सहकारी पतसंस्थेचे असेल, तर हा नियम लागू नसतो. बँकेकडे दर कशाशी जोडला आहे याची लेखी विचारणा करावी.

ग्राहक ९० आणि १२० दिवस पैसे देत नाही. कायद्याचा आधार घ्यावा का?

घ्यावा, पण क्रमाने. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. आयकर कायद्यातील ४३ बी (एच) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीने ग्राहकालाही चटका बसतो: मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष दिली जाईपर्यंत त्याला खर्च म्हणून दाखवता येत नाही. ही तरतूद सूक्ष्म आणि लघू उत्पादक व सेवा देणाऱ्यांसाठी आहे, मध्यम उद्योग आणि निव्वळ व्यापारी तिच्याबाहेर राहतात. १ एप्रिल २०२५ पासून लघू उद्योगाची उलाढालीची मर्यादा १०० कोटी झाल्यामुळे येथील जवळपास सर्व फौंड्री आणि मशीन शॉप तिच्यात बसतात.

तक्रार केली तर पार्टी तुटेल, ही भीती आम्हाला ठाऊक आहे आणि ती निराधार नाही. म्हणून पहिल्या पायरीवर फक्त प्रत्येक बिलावर उद्यम (लहान उद्योगांच्या सरकारी) नोंदणीचा क्रमांक आणि देय तारीख छापावी. मोठ्या कंपनीच्या लेखापरीक्षकाला त्या क्रमांकाची दखल घ्यावीच लागते, आणि मार्चअखेरीस अशी बिले आधी निघतात. ग्राहक ट्रेड्स या बिलांवर आगाऊ पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेवर असेल, तर बिल तेथे टाकून वित्तसंस्थेकडून लगेच पैसे घेता येतात. वसुलीची जोखीम आपल्यावर राहत नाही. सहा महिन्यांहून जुनी रक्कम असेल आणि पुढील कामाची आशा उरली नसेल, तरच जिल्हा उद्योग केंद्रामार्फत थकलेल्या बिलांचे तंटे सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे अर्ज करावा. अर्जाबरोबर खरेदी आदेश, पोचपावतीची चलने आणि ई-वे बिले जोडावी लागतात, म्हणून माल उतरवून घेताना चलनावर शिक्का आणि तारीख घेण्याची सवय आपल्या ड्रायव्हरला आजपासूनच लावावी.